आंद्रेआ बोचेली, माईक आणि आमच्या गावचा एक पोरगा

चुलबंदकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

धान निघालं, मंडया (दिवाळीनंतरच्या गावजत्रा) सुरू झाल्या, वडशाच्या नाटक कंपन्यांची पोस्टरं आमच्या चौकात लागली. त्यामुळे मनातला हा धागा आता काढतोच.

मी लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. शाळेत शिकवतो आणि हंगामात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रातभर चालणाऱ्या नाटकांना ऑर्गनवर साथ करतो. बावीस वर्षं झाली. गावात सतरा वर्षांचा एक पोरगा आहे. जन्मापासून नजर अधू, नवव्या वर्षी तीही गेली. काकड आरतीला तो गातो तेव्हा त्याचा आवाज देवळामागच्या विहिरीपर्यंत शब्दांसकट येतो. मी पावलं मोजलीत, एकशे दहा भरली. मध्ये एक भिंत आणि एक चिंच आहे.

यंदा एका कंपनीने त्याला हंगामासाठी मागितलंय. बाप तयार आहे. अडीच एकर धान आणि पाठीवर दोन बहिणी, त्याचं चूक नाही. नागपूरला गाणं शिकवणाऱ्या एका बाईंना ऐकवलं तर त्या म्हणाल्या, इतक्यात माईकवर रात्र-रात्र गायला लागला तर गळ्याला वाईट सवयी लागतील, आधी पाच वर्षं तालीम. त्याची माय मला विचारते, "गुरुजी, का कराचं तुमीच सांगा." आणि मला सांगता येत नाही.

या घोळात असताना मी बोचेली, हा अंध इटालियन गायक, नव्याने ऐकायला लागलो. पहिल्यांदा ऐकला तो १२ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत. ईस्टरचा रविवार होता. मिलानचं अवाढव्य कॅथेड्रल पूर्ण रिकामं, एक डोळे मिटलेला माणूस आणि एक ऑर्गन वाजवणारा, बस. (त्यांचा ऑर्गन म्हणजे हजारो नळ्यांचा, भिंतीएवढा. आमचा पायपेटीचा. तरी मी आधी साथीकडेच कान लावून बसलो होतो, सवयच तशी.) जगभरात लाखो लोक तेव्हा एकाच वेळी ते ऐकत होते. शेवटी तो बाहेर येऊन पायऱ्यांसमोर एकटाच गायला. समोर रिकामा चौक. आमच्याही चौकात तेव्हा कुत्रं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म २२ सप्टेंबर १९५८, इटलीत पिसाकडच्या लाजातिको नावाच्या खेड्यात. घरची शेती, द्राक्षमळे. जन्मतः काचबिंदू. सहाव्या वर्षी पियानो सुरू केला, पुढे बासरी आणि सॅक्सोफोन. बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मार लागला आणि उरलेली नजर गेली. पिसा विद्यापीठात कायदा शिकला, वर्षभर वकिली केली, आणि संध्याकाळी बारमध्ये पियानोवर बसून लोक म्हणतील ते गायचा. तिशी उलटली तरी मोठं असं काही हाताला लागलं नव्हतं.

१९९२ मध्ये झुक्केरो या इटालियन रॉक गायकाने पावारोत्ती या नामवंत ऑपेरा गायकासाठी एक गाणं बांधलं होतं. त्याला दाखवायला नमुन्याचं मुद्रण हवं, त्यासाठी कोणी टेनर हवा. (टेनर म्हणजे पुरुषांमधला उंच पट्टीचा आवाज.) ते बोचेलीने गायलं. पावारोत्तीने ऐकलं आणि विचारलं, हा कोण. अंतिम मुद्रण पावारोत्तीनेच केलं, पण झुक्केरोच्या युरोप दौऱ्यात ते गाणं गायला बोचेली गेला. मग १९९४ ला सान रेमोच्या गीतस्पर्धेत नवोदितांमध्ये पहिला. पुढच्या वर्षी तिथेच 'कॉन ते पार्तिरो' घेऊन आला आणि चौथा आला. ज्या गाण्याने त्याला जग ओळखतं ते गाणं चौथं आलं होतं! १९९६ ला तेच गाणं सारा ब्राइटमन या इंग्रज गायिकेसोबत, इंग्रजी मुखडा जोडून, हेन्री मास्के या जर्मन मुष्टियोद्ध्याच्या निरोपाच्या लढतीसाठी गायलं गेलं. मास्के ती लढत हरला. गाण्याने मात्र जर्मनीत खपाचे उच्चांक मोडले. त्यानंतरचा 'रोमान्झा' हा संग्रह दोन कोटींवर खपला.

त्याच काळात तो रंगमंचावर खरा ऑपेराही (त्यांचं संगीत नाटक) करत होता. १९९४ ला पिसात व्हेर्दीच्या 'मॅकबेथ'मध्ये मॅकडफ, १९९८ ला काल्यारीत 'ला बोएम'चा रोदोल्फो, १९९९ ला अमेरिकेत डेट्रॉइटला 'वेर्थर'. तिथे समीक्षकांनी त्याला सोडलं नाही. आवाज लहान आहे, वाद्यवृंदापुढे पोचत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

म्हणजे ज्या माणसाला जग ऑपेरा गायक म्हणतं, त्याला ऑपेरावाले आपला मानायला तयार नाहीत. झाडीपट्टीत पंचवीस वर्षं नाट्यपदं गाणाऱ्या माझ्या सोबत्यांना शहरातल्या बैठकीत कोणी गायक म्हणत नाही, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून हा माणूस मला परका वाटत नाही.

जाणकारांना विचारतो: माईकवर गाणारा तो कमी प्रतीचा का? आणि पोराच्या मायला मी काय सांगू?

---

वऱ्हाडी_मानूस

भाऊ, लय मनापासून लिवलं तुमी. आमच्या दर्यापूरकडं झाडीपट्टी नाई, पन भजनाची फड लय. मले यवढंच कळते का, जो मानूस हजार लोकायले रातभर जागेवर बसवून ठेवते, त्याले कमी म्हनाचं कोनत्या तोंडानं? पोट्ट्याले गाऊ द्या. पन पैशाचं कागदावर लिवून घ्या आदी, हे इसरू नका.

---

स्वर_व्याकरण

धागा आवडला. तरीही विरोधी बाजू मांडतो, कारण प्रश्न एका मुलाच्या गळ्याचा आहे.

ऑपेरा गायकी घडलीच मुळी एका अडचणीतून: समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा, मागे दोन हजार श्रोते आणि ध्वनिवर्धक नाही. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपास असतो, त्यावर तो उतरत जातो. तयार गायक घशाची पोकळी अशी घडवतो की त्याच्या आवाजात ३००० कंपनांच्या आसपास एक धार जमा होते. योहान सुंडबेर्ग या स्वीडिश अभ्यासकाने हे मोजून मांडलं. त्या पट्ट्यात वाद्यं दुबळी असतात आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट. म्हणून एक माणूस सत्तर वाद्यांवरून ऐकू येतो. यात रेटून गाणं कुठेच नाही, सगळी घडण आहे. आणि ती बनायला वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आपला गायक स्वतःची पट्टी निवडतो. काळी एक, काळी दोन, गळ्याला जे सोसेल ते. रंगमंचावरच्या ऑपेरात ही मुभा जवळपास नसते. रचनाकाराने जिथे स्वर लिहिला तिथेच तो लावायचा. टेनरचा तो गाजलेला वरचा स्वर म्हणजे आपल्या पेटीवरची तार पांढरी एक, ५२३ कंपनं, आणि तो पूर्ण छातीच्या आवाजाचा वाटला पाहिजे. त्या मापाने बोचेली उणा पडतो, हे मला त्याची अखंड ऑपेरांची मुद्रणं ऐकून वाटतं. वरचे स्वर लागतात, पण तिथे आवाज पातळ होतो. लांब ओळ मध्येच तुटते. फ्रांको कोरेल्लीकडे तो शिकला, आणि कोरेल्ली म्हणजे विसाव्या शतकातल्या सगळ्यात दणकट टेनरांपैकी एक. गुरूच्या आवाजाशेजारी शिष्याचा ठेवून ऐका, मी काय म्हणतोय ते कळेल.

नागपूरच्या बाई बरोबर सांगत आहेत. माईक उणिवा झाकतो, आणि झाकलेली उणीव सतराव्या वर्षी राहिली तर राहतेच.

---

चुलबंदकाठ (धागाकर्ता)

@स्वर_व्याकरण, पट्टीचा मुद्दा मी कधी असा बघितलाच नव्हता. आमच्याकडे रात्री अकराला गायक काळी चारमध्ये सुरू करतो आणि पहाटे चारला मी त्याच्या तोंडाकडे बघून गुपचूप काळी दोनवर येतो. लोकांना कळत नाही, त्याला कळतं. तो फक्त मान हलवतो.

पण एक विचारू का सर? माईक उणिवा झाकतो, तशी एखादी गोष्ट दाखवतही असेल ना?

---

ब्रह्मपुरी_साउंड

गुरुजी, याचं उत्तर मी देतो. मी मंडपात साउंड लावतो, गाण्यातलं व्याकरण मला येत नाही. पण माईकपुढे आवाज काय करतो ते रोज ऐकतो.

झाडीपट्टीच्या स्टेजवर माईक वरून टांगलेले असतात. नट हातात माईक घेत नाही, त्याला हालचाल करायची असते. म्हणजे तोंडापासून माईक तीन-चार फूट लांब, कधी जास्त. तिथे कुजबुज चालत नाही. आवाज फेकावाच लागतो, फक्त विहिरीपर्यंत नाही, माईकपर्यंत. स्टुडिओतल्या गायकाचा माईक ओठांपाशी. दोन्हीला माईकच म्हणतात, पण गळ्याचं काम पार वेगळं. नागपूरच्या बाईंना हे कोणी सांगितलं नसेल.

आणि बोचेलीचं म्हणाल तर त्याची सुरुवातीची ओळ ऐका. 'कॉन ते पार्तिरो'चं पहिलं कडवं तो जवळजवळ बोलतो. खाली, मऊ. श्वास ऐकू येतो, जिभेचा 'र' ऐकू येतो. ऑपेराच्या थिएटरात ही ओळ दहाव्या रांगेतही मेली असती. माईकमुळे ती जगते. मग मुखड्याला तो आवाज उघडतो तेव्हा मधलं अंतर किती मोठं! एकाच गाण्यात खाटेवर बसून बोलणारा आणि माळावरून हाक मारणारा, दोन्ही. हे माईकशिवाय होत नाही. याला मी झाकणं म्हणत नाही.

आणखी एक. ७ जुलै १९९० ला रोममध्ये पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन नामवंत टेनर एकत्र गायले, विश्वचषक फुटबॉलच्या वेळी, उघड्यावर, जुन्या रोमन स्नानगृहाच्या अवशेषांत. तिथे माईक होतेच. संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचं. त्याच मेहतांनी पुढे बोचेलीच्या 'ला बोएम'च्या मुद्रणाचं संचालन केलं. मेहतांचा कान तर कच्चा नसेल.

---

स्वर_व्याकरण

@ब्रह्मपुरी_साउंड, टांगलेल्या माईकचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यासमोर ऑर्केस्ट्रातला हातातला माईक होता. तेवढा माझा आक्षेप मी मागे घेतो.

रोमच्या त्या तिघांबद्दल मात्र वेगळं म्हणणं आहे. त्यांनी आधी दोन-तीन दशकं माईकशिवाय गाऊन दाखवलं होतं, मग माईक घेतला. क्रम उलटा असला की गोष्ट बदलते.

---

मुर्तिजापूरकर

क्रमाचा विषय निघाला म्हणून आमच्या गावच्या माणसाचं सांगतो.

वसंतराव देशपांडे, जन्म १९२०, मुर्तिजापूर. नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. पुढे कितीतरी वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. दिवसा आकडे, रात्री गाणं. बोचेलीच्या वकिलीवरून मला पटकन तेच आठवलं. वसंतरावांचं गाणंही कुठल्या एका चौकटीत बसत नव्हतं. ठुमरी, नाट्यपद, पंजाबी अंगाच्या हरकती, सगळं एकात. बैठकीच्या गाण्यातले कर्मठ लोक नाकं मुरडत. मग १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली' आलं. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, म्हणजे तेही नागपूरचे. तेव्हा वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. ज्या लोकांनी आयुष्यात कधी मैफल पाहिली नव्हती त्यांनी नाटकाच्या तिकिटावर अस्सल गाणं ऐकलं.

माझे वडील त्यातलेच. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. अकोल्याला प्रयोग पाहून आले आणि नंतर कितीतरी दिवस बैल सोडताना ते सूर गुणगुणायचे. चुकीचे गुणगुणायचे, पण मन लावून.

म्हणून मला वाटतं, दोन जगांच्या मधल्या दाराशी उभं राहणारा गायक लागतोच. फक्त त्या दारात उभं राहायला आत काय आहे ते माहीत पाहिजे. वसंतरावांना माहीत होतं. बोचेलीलाही माहीत आहे, नाहीतर तो डेट्रॉइटला कशाला गेला असता? तेव्हा त्याच्या सीडी कोट्यवधींनी खपत होत्या, त्याला त्या टीकेची गरज नव्हती. तरी गेला आणि बोलणी खाल्ली. त्या जाण्याचा मला आदर वाटतो.

---

वणी_व्हाया_पुणे

मी पुण्यात एका वृंदगान गटात पाश्चात्त्य पद्धतीचं गाते, थोडी इटालियन शिकलेय. माहेर वणीचं. मला गाण्याच्या शब्दांबद्दल सांगायचंय, कारण ते जवळपास सगळेच चुकीचे समजतात.

इंग्रजी मुखड्यामुळे लोक हे निरोपाचं गाणं मानतात, अंत्ययात्रेलाही लावतात. पण 'कॉन ते पार्तिरो' म्हणजे 'तुझ्यासोबत निघेन'. यात निरोप नाही, सोबत निघणं आहे. सुरुवातीला गाणारा एकटा आहे, शब्द सुचत नाहीत, खोलीत उजेड नाही. मग मुखड्याला तो निघतो, कधी न पाहिलेल्या जागांकडे, तिच्यासोबत. संगीत फ्रांचेस्को सार्तोरीचं, शब्द लुचो क्वारान्तोत्तोचे.

आता 'पार्तिरो' म्हणून बघा. जोर शेवटच्या 'रो'वर. भविष्यकाळाचा प्रत्ययच तो, 'निघेन'मधला 'एन'. म्हणजे सगळ्या ओळीचा भार निघण्याच्या निश्चयावर येऊन पडतो, आणि नेमका तिथेच स्वर उघडा आहे, 'ओ'. बोचेली तो 'ओ' फुगवत नाही. बरेच टेनर तिथे ताकद दाखवतात. तो अक्षर सरळ ठेवतो, बोलल्यासारखं, आणि त्याचे स्वर इतके स्वच्छ की इटालियन न येणारालाही ओळ लिहून काढता येईल. माझ्या मते त्याची खरी कला ही आहे. आवाजाचं आकारमान बाजूला ठेवा. त्याचा शब्द कधी सांडत नाही.

ऑपेराच्या मुद्रणांत तो मला तितका आवडत नाही, हे @स्वर_व्याकरण यांना मान्य. पण १९९९ चा त्याचा भक्तिगीतांचा संग्रह ऐका, 'सेक्रेड आरियाज'. तिथे पात्र उभं करायचं नाही, कोणाला प्रेमात मारायचं नाही. साधं उभं राहून म्हणायचं. तिथे तो घरच्यासारखा वाटतो. पावारोत्ती २००७ ला गेले तेव्हा मोदेनाच्या अंत्यविधीला मोझार्टची प्रार्थना गायला यालाच उभं केलं. ज्याने पहिल्यांदा "हा कोण" विचारलं, त्याच्याच शेवटच्या वेळी.

---

ब्रेल_वाचक

सगळे प्रतिसाद स्क्रीनरीडरवर दोनदा ऐकले, मग लिहायला बसले. मी यवतमाळ जिल्ह्यातली, जन्मतः अंध, बँकेत नोकरी करते.

बोचेलीबद्दल जिथे वाचावं तिथे पहिलं वाक्य त्याच्या डोळ्यांचं. या धाग्यात तसं झालं नाही, त्याबद्दल धागाकर्त्यांना धन्यवाद. पण दोन गोष्टी राहिल्या.

एक, तो लहानपणी घरापासून लांब, रेज्जो एमिलियाच्या अंधशाळेत शिकला, ब्रेल तिथे शिकला. लोक म्हणतात देवाने डोळे घेतले आणि गळा दिला. देवाने दिलेल्या गळ्याने कायद्याची पदवी मिळत नाही. ती ब्रेलने, वाचून दाखवणाऱ्या माणसांनी आणि न कंटाळता केलेल्या पाठांतराने मिळते. आपल्याकडेही माधानच्या गुलाबराव महाराजांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य, तान्हेपणी दृष्टी गेलेली, आणि शंभराहून अधिक ग्रंथ. त्यामागे त्यांना पोथ्या वाचून दाखवणारी आणि त्यांचं बोलणं उतरवून घेणारी माणसं होती. ती कोण होती, असं कोणी विचारत नाही. तुमच्या मुलाला ब्रेल येतं का? संगीताची पुस्तकं कोणी वाचून दाखवतं का? माईक की तालीम हे नंतर.

दुसरी गोष्ट. धाग्यात बाप बोलला, माय बोलली, नागपूरच्या बाई बोलल्या, गुरुजी बोलले, आम्ही सगळे बोललो. तो सतरा वर्षांचा आहे. त्याला विचारलंत?

माझ्या लग्नाचं, नोकरीचं, राहण्याचं माझ्यासमोर बसून लोक आईशी बोलायचे. मी त्याच खाटेवर बसलेली असायची.

---

खंजिरी

ब्रेल_वाचक ताईंना नमस्कार. यानंतर लिहिणं जड जातंय, पण एक राहतंय.

लाजातिकोत गावाबाहेरच्या टेकडीवर २००६ साली उघड्यावरचं नाट्यगृह उभं राहिलं, 'तेआत्रो देल सिलेंझ्यो', म्हणजे शांततेचं नाट्यगृह. उन्हाळ्यात एखाद-दोन रात्री बोचेली तिथे गातो, जगभरातून लोक येतात, आणि उरलेलं वर्षभर तिथे गवत आणि वारा. वस्ती दीड हजारही नाही. दुनिया फिरून हा माणूस वर्षातून एकदा आपल्याच शेताच्या बांधावर गायला येतो.

आमच्या मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला जे आले असतील त्यांना हे नवीन वाटणार नाही. तुकडोजी महाराज १९५५ ला जपानला जाऊन आले, हातात खंजिरी तीच आणि भजनही तेच. त्यांचा आवाज कुठल्या घराण्याचा, हे गुरुकुंजात मी कधी कोणाला विचारताना ऐकलं नाही.

---

चुलबंदकाठ (धागाकर्ता)

पाच दिवसांनी लिहितोय, माफ करा.

ब्रेल_वाचक ताई, नव्हतं विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. बावीस वर्षं शाळेत शिकवतोय, आणि त्याच्या मायशी बोलताना मी त्याच्या डोक्यावरूनच बोलत होतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्याकडे गेलो. खळ्यावर धानाच्या पोत्यांना टेकून बसला होता. बोचेली त्याला आधी ऐकवला, मग विचारलं.

ते गाणं त्याने चार वेळा लावायला सांगितलं. आवाजाबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "गुरुजी, हा मानूस दर ओरीच्या आदी दम कसा घेते, तुमी आयकलं का? लहान ओर असली तं लहान दम, मोठी असली तं मोठा. त्याले आदीच ठावं रायते का ओर कितीची हाये. मी तं एकदाच घेतो न् सरेपर्यंत जातो. मले हे शिकाचं हाये."

मी इतक्या गायकांना साथ केली, पण त्या गाण्यात मी श्वास मोजला नव्हता.

नाटकात जायचंय का, यावर तो म्हणाला, जायचंय. पण रातभर नाही. सुरुवातीची नांदी आणि पहिल्या अंकातलं एक पद, एवढंच. आणि नागपूरच्या बाईंकडेही जायचंय. दोन्हीतलं एक निवडा असं आपण सगळे म्हणत होतो, त्याच्या मनात ते नव्हतंच. कंपनीचे मालक आधी कुरकुरले, मग तीस प्रयोगांचं ठरलं. @वऱ्हाडी_मानूस, कागदावर लिहून घेतलं, ठसा नाही, त्याची स्वतःची सही आहे. बाईंना टांगलेल्या माईकचं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, नांदीपुरतं असेल तर महिन्यातून दोनदा आणा, बघते.

ब्रेल त्याला थोडं येतं, दुसरीपर्यंत शिकला होता, मग सुटलं. तिथे मला मदत लागेल.

---

वणी_व्हाया_पुणे

दम घेण्याबद्दल तो जे बोलला त्याला इटालियन गायकीत 'आप्पोज्जो' म्हणतात, टेकणं. बरगड्या उघड्या ठेवायच्या आणि आवाज श्वासावर टेकवायचा, धानाच्या पोत्याला पाठ टेकावी तसा. हे फोनवरून शिकवता येतं, मी वृंदगानातल्या मुलांना शिकवते. रविवारी सकाळी चालेल का? पैसे नकोत. बाईंना आधी विचारून घ्या, दोघींच्या सांगण्यात त्याची ओढाताण नको.

---

ब्रेल_वाचक

ब्रेलचं माझ्याकडे द्या. पाटी आणि कलम पाठवते, जाड कागदही. अक्षरं आठवत असतील तर दोन महिन्यांत वाचायला लागेल. मला व्यनि (खासगी निरोप) करा, आणि पत्त्यावर नाव त्याचं लिहा.

---

स्वर_व्याकरण

मुलाची श्वासाची ओळ तीन वेळा वाचली. तीस प्रयोगांना माझी हरकत नाही. एकच विनंती, नांदीची पट्टी त्याच्या गळ्याची ठेवा, कंपनीच्या सोयीची नको.

---

चुलबंदकाठ (धागाकर्ता)

सर, ऑर्गनवर मीच आहे. काळी दोन.

ताई, रविवारी आठ वाजता चालेल. नेटवर्क पाण्याच्या टाकीपाशी येतं, तिथे बसतो दोघंही. बाईंशी बोलणं झालंय, हो म्हणाल्या.